शांतता म्हणून निवडलेली बारा सेकंदं

माझ्या डॅकवर एक बारीकसा दिवा आहे. सीडीच्या दर्जाची फाईल लावली की तो हिरवा होतो, ९६ किलोहर्ट्झची लावली की निळा, आणि डीएसडी लावली की जांभळा. दोन वर्षं मी गाणी ऐकत होतो की दिवा बघत होतो, हे आता नक्की सांगता येणार नाही.

डॅक म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचं हेडफोनला कळेल अशा विजेत रूपांतर करणारी डबी. माझी अंगठ्याएवढी आहे, फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसते. ती घेतली आणि मी कामातून गेलो. तोपर्यंत ब्लूटूथवर सुखाने ऐकत होतो. मग कळलं की ब्लूटूथ आवाज पाठवताना पुन्हा दाबून लहान करतं, अगदी एलडॅकसुद्धा ९९० केबीपीएसच्या वर जात नाही. मग कळलं की अँड्रॉइड बरेचदा सगळे आवाज एकत्र मिसळून ४८ किलोहर्ट्झवर आणून सोडतो, त्यामुळे आपण ९६ची फाईल लावली तरी दिवा निळा होतोच असं नाही. त्यासाठी सिस्टिमला बाजूला सारून थेट डॅकशी बोलणारं अॅप लागतं. ते घेतलं. लॅपटॉपवर फूबार२००० टाकला, त्यात एकेक प्लगइन जोडत गेलो. एक डीएसडी वाचणारं, एक सॅम्पल रेट बदलणारं, एक इक्वलायझर, एक 'ट्यूबची ऊब' देणारं, एक खोलीचा घुमारा घालणारं. सहा झाल्यावर मोजायचं सोडलं.

डीएसडीचं वेड सगळ्यात वाईट. साध्या फाईलमध्ये (तिला पीसीएम म्हणतात) सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून १६ बिटांच्या आकड्यात लिहिलेली असते. डीएसडी म्हणजे १९९९ साली सोनी आणि फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडीसाठी आणलेली पद्धत. तिच्यात बिट एकच, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. वर, खाली, वर, वर, खाली. ऐकायला किती शुद्ध वाटतं! मी माझ्या सगळ्या साध्या फाईली वाजता वाजता डीएसडीत बदलायला लावल्या, तेही चौपट वेगाच्या डीएसडी२५६मध्ये. लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घोंघावायला लागला. किशोरीताईंच्या आवाजातले बारकावे नीट ऐकू यावेत म्हणून मी त्यांच्यावर पंखा सोडला होता.

आणि गंमत म्हणजे त्याच साखळीत माझा इक्वलायझरही चालू होता. एका बिटात फक्त हो किंवा नाही लिहिता येतं. आवाज अर्धा करायचा तर हो-नाहीला दोनाने भागायचं, आणि ते उत्तर एका बिटात मावत नाही. त्यामुळे डीएसडीवर कुठलंही प्लगइन चालवायचं तर आधी तिचं पीसीएम करावंच लागतं. म्हणजे माझ्याकडची अस्सल डीएसडी फाईल आधी पीसीएम व्हायची, तिच्यावर मी बास वाढवायचो, मग तिची पुन्हा डीएसडी व्हायची, आणि दिवा जांभळा लागायचा. दिव्याला मधलं काही माहीत नसतं.

एका रविवारी मी हिंमत करून फूबारमधलं एबीएक्स वापरलं. त्यात ए म्हणजे एक फाईल, बी म्हणजे दुसरी, आणि एक्स म्हणजे दोघींपैकी कुठलीतरी. कुठली ते कानांनी सांगायचं. एका बाजूला २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. दुसऱ्या बाजूला त्याच फाईलची मी स्वतः केलेली १६ बिट, ४४.१. सोळा फेऱ्या. बारा तरी बरोबर आल्या असत्या तर काही ऐकू येतंय म्हणता आलं असतं. माझ्या नऊ आल्या. बोस्टनच्या मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता, बऱ्याच श्रोत्यांवर आणि चांगल्या यंत्रणांवर. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर, म्हणजे छापा-काटा. २०१६ साली जोशुआ राईस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले तेव्हा ५२.३ टक्के आलं, आणि सराव दिलेल्या श्रोत्यांचं त्याहून जास्त. म्हणजे फरक अगदीच नाही असं नाही. पण ज्यासाठी मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागत होतो तो हा फरक होता.

इक्वलायझरचं मात्र तसं नाही. माझ्या हेडफोनला वरच्या पट्टीत एक टोचरा उंचवटा आहे; तो पाच डेसिबलने खाली आणला तर झोपेतसुद्धा कळतं. फक्त एक पथ्य पाळायचं. काही वाढवायचं असेल तर आधी एकूण आवाज तेवढाच उतरवून घ्यायचा, नाहीतर आकडे छताला आपटतात आणि 'सा' फाटतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कित्येक महिने फाटका 'सा' ऐकून त्याला ऊब म्हणत होतो.

अशा अवस्थेत मला आईची कॅसेट सापडली.

आजोळी, सांगलीच्या घरातून आणलेल्या पेटीत. टीडीके, ६० मिनिटांची. वर निळ्या शाईत 'भीमपलास, मे ८९' आणि आईचं माहेरचं नाव. आई गायची हे मला ऐकून माहीत होतं. लग्नानंतर काही वर्षांत थांबलं, का ते विचारलं की ती 'झालं आपलं' म्हणते. तिचं गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. तिनेही ऐकलेलं नव्हतं, निदान तीस वर्षांत तरी.

मित्राचा जुना डेक आणला आणि कॅसेटची एक बाजू लॅपटॉपमध्ये घेतली. कशात? अर्थातच २४ बिट, १९२ किलोहर्ट्झमध्ये. आता हिशेब बघा. साध्या कॅसेटवर १२-१३ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही उरत नाही. १९२मध्ये ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज मावतात, जे वटवाघळाला ऐकू येतील. कॅसेटचा सगळ्यात मोठा आवाज आणि तिची स्वतःची खरखर यांच्यात जेमतेम ५०-५५ डेसिबलचं अंतर, ज्याला नऊ-दहा बिट पुरतात. मी चोवीस दिले. अर्ध्या तासाची फाईल दोन जीबीची झाली. ती भरली होती मुख्यतः टेपच्या सूंऽऽ आवाजाने, अतिशय उच्च दर्जाच्या.

मावसभावाला फोन केला. त्याला मी दादाच म्हणतो; तो नाशिकला असतो. म्हणाला, "जशी आहे तशी पाठव, काही करू नकोस." दोन जीबी पाठवणार कशी? १२८ केबीपीएसची एमपी३ केली, २९ एमबीची, आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाकून दिली. मनात म्हटलं, याला काय कळतंय, नंतर चांगली पाठवू.

मग मी ती 'चांगली' करायला बसलो.

खरखर काढणारी प्लगइन कशी चालतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. तुम्ही तिला रेकॉर्डिंगमधला असा तुकडा दाखवता जिथे गाणं नाही, नुसती खरखर आहे. प्लगइन त्या तुकड्याचे हजारो बारीक पट्टे करतं आणि कुठल्या पट्ट्यात किती आवाज आहे ते लक्षात ठेवतं. याला नॉइज प्रोफाइल म्हणतात. मग सगळ्या फाईलभर, ज्या पट्ट्यात तेवढाच किंवा त्याहून कमी आवाज असेल तो ती दाबून टाकते. एकसारखं, न बदलता चालू राहणारं जे काही असेल ते तिच्या लेखी कचरा.

आईचा पहिला षड्ज लागायच्या आधी बारा सेकंदं कोणीच गात नाही. मी तीच निवडली. वर ५० आणि १०० हर्ट्झवर विजेची गुणगुण होती, तिच्यासाठी दुसरं प्लगइन लावलं, ऐसपैस रुंदीचं. सुरुवातीची दीड-पावणेदोन मिनिटं नुसती खुडबूड आणि बोलणं होतं, ती कापली. शेवटी ९६ किलोहर्ट्झचा फ्लॅक करून घेतला. कन्व्हर्टरमध्ये 'मूळ फाईल पुसून टाका' या चौकोनात बरोबरची खूण होती. ती मीच कधीतरी केली होती, हार्ड डिस्क भरत आली म्हणून.

फाईल लावली. काळ्याशार शांततेतून आईचा बावीस वर्षांचा आवाज आला. दिवा निळा.

आई भाजी निवडत होती. तिच्या कानांवर हेडफोन ठेवला आणि मोबाइलचा कॅमेरा चालू करणार होतो, पण ती नजर बघून केला नाही. तिने डोळे मिटले. दोनेक मिनिटं गेली. मग तिच्या कपाळावर आठी आली, तिने एक कान मोकळा केला आणि म्हणाली,

"ताई कुठं गेली यातनं?"

मला कळेना. म्हटलं, मावशी कुठे गातेय यात?

"गात नाही रे. तंबोऱ्यावर ती होती. माझ्या मागं बसली होती. तंबोरा कुठंय?"

तंबोऱ्याबद्दल जरा सांगतो, कारण मलाही हे त्या रात्री शोधावं लागलं. आई काळी चारात गायची. म्हणजे तंबोऱ्याच्या मधल्या जोडीच्या तारा साधारण २०८ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, १०४च्या आसपास. विजेची गुणगुण १००वर. माझ्या ऐसपैस प्लगइनने गुणगुणीबरोबर शेजारचा खर्जही नेला. उरलं वरचं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तार घोडीला घासत घासत झंकारते आणि तिच्यातून वरचे वरचे स्वर उमलत जातात, पार टेपची खरखर जिथे राहते त्या पट्ट्यांपर्यंत. आणि हे सगळं एकसारखं, न बदलता, अर्धा तास चालू. मी ज्या बारा सेकंदांना शांतता म्हटलं होतं त्यांत मावशी तंबोरा छेडत होती. प्लगइनला मी बोट दाखवून सांगितलं होतं, ही काढ. तिने काढली.

नुसती तीच नाही. आईचा आवाज षड्जावर येऊन विरत जायचा, तेव्हा तो तंबोऱ्याच्याच पट्ट्यांत शिरायचा आणि मिटायच्या आधीच कापला जायचा. ऐकताना मला ते स्वच्छ वाटलं होतं. आई म्हणाली, "प्रत्येक वेळी कोणीतरी दार लावून घेतंय."

मावशी २०११ साली गेली. तिच्या आवाजाचं दुसरं काही नाही. फोटो आहेत, लग्नातल्या व्हिडिओत ती ताट घेऊन पलीकडून जाते, बस. आईने एवढंच विचारलं, "आधी ती काहीतरी बोलली होती ना? का मलाच वाटतंय?"

बोलली होती. मी कापलं होतं ते.

मूळ फाईल नव्हती. दोन रात्री हरवलेल्या फाईली शोधून देणारी सॉफ्टवेअरं चालवली. डिस्कवर त्या जागी मी दुसरीच डीएसडी भरून ठेवली होती. मग कॅसेट पुन्हा डेकमध्ये घातली. डेकचं रबर म्हातारं होऊन चिकट झालं होतं. पहिल्या वेळी त्याने दया दाखवली, या वेळी फीत आत ओढून घेतली. बाहेर काढली तेव्हा सुरुवातीची हातभर लांब फीत चुरगळलेल्या चॉकलेटच्या कागदासारखी झाली होती आणि एका ठिकाणी तुटली होती. मी तिथेच जमिनीवर बसलो. आईला सांगितलं नाही. (हे वाचून कळेल.)

दुसरा डेक मिळायला तीन आठवडे गेले. ज्यांनी दिला ते गृहस्थ आयुष्यभर रेडिओ-टेप दुरुस्त करत आलेत. त्यांनी फीत जोडून दिली आणि बोलता बोलता हेडच्या कडेचा इवलासा स्क्रू पाव फेरा फिरवला. हेड फितीशी काटकोनात नसेल तर वरचे स्वर मिटतात. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा कोन आणि वाजवणाऱ्याचा कोन जुळवून घ्यावा लागतो. पाव फेऱ्यात जवारी उघडली. माझ्याकडच्या सगळ्या प्लगइनांनी मिळून इतका फरक कधी पाडला नव्हता. पण चुरगळलेला भाग चुरगळलेलाच राहिला. तिथे नुसते गचके, आणि खोल पाण्यातून यावेत तसे शब्द.

तेव्हा मला दादाची आठवण झाली.

"आहे की," तो म्हणाला. "डिलीट कशाला करीन?"

मग थोडं थांबून म्हणाला, "रोज नाही, पण ऐकतो. गाणं नाही ऐकत, सॉरी. पहिली दीड मिनिटंच."

तो मावशीचा मुलगा. त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, काही करू नकोस.

त्याने पाठवलेली २९ एमबीची फाईल मी हेडफोनवर ऐकली. १२८ची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापून टाकते, म्हणून मी तिला नाकं मुरडत आलो. या टेपवर तिथे मुळात काही नव्हतंच. खालचं बहुतेक सगळं होतं: सूंऽऽ, विजेची गुणगुण, खिडकीबाहेर कुठेतरी सायकलची घंटा, आणि खुंटी पिळल्याचा करकर आवाज. मग मावशी. माझ्या आठवणीतल्या आवाजापेक्षा खूप बारीक, तरुण. "पंचम उतरलाय गं. थांब." तार पुन्हा पुन्हा छेडली जाते, किंचित वर सरकते. आई म्हणते, "असू दे ना ताई." मावशी म्हणते, "असू दे काय? हं. कर आता." मग माझी ती बारा सेकंदं.

जोडकाम एका संध्याकाळचं होतं. एमपी३ उलगडून तिची पहिली पावणेदोन मिनिटं घेतली, पुढे नव्या डेकवरून घेतलेलं. एमपी३चा भाग जरा मंद ऐकू येतो, कारण तो जुन्या, वाकड्या हेडवरून आला आहे. त्याला वरच्या पट्टीत अडीच डेसिबल देऊन बघितले; खरखरही तेवढीच वर आली. काढून टाकले. सांधा मला ऐकू येतो, कारण तो कुठे आहे ते मला माहीत आहे. विजेच्या गुणगुणीला हात लावला नाही. १६ बिट, ४४.१. हवं तर या एमपी३चा १९२चा फ्लॅक करता आला असता आणि दिवा मुकाट्याने रंग बदलून उभा राहिला असता. बाजारात 'हाय-रेझ' म्हणून जुन्या रेकॉर्डिंगांच्या फाईली बघतो तेव्हा हल्ली मला हा सांधा आठवतो. फाईलच्या माहितीत मी लिहून ठेवलंय: कुठपासून कुठपर्यंत एमपी३, कुठला डेक, काय केलं, काय केलं नाही. आणि तंबोरा: मावशीचं पूर्ण नाव.

नवी फाईल आईला हेडफोनवर ऐकवायची माझी इच्छा होती. ती म्हणाली, माझ्या फोनवर टाकून दे. आता ती स्वयंपाकघरात फोन डब्यांच्या मांडणीवर उभा ठेवते आणि त्याच्या स्पीकरवर लावते. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून १०४ हर्ट्झचा खर्ज येणं शक्य नाही. तरी तो ऐकू येतो. वरचे स्वर नीट पोचले तर खालचा मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो, आणि तंबोऱ्याइतके वरचे स्वर फार थोड्या वाद्यांतून निघतात. मी तिला हे सांगायला गेलो तर म्हणाली, कुकरची शिट्टी मोज.

तीही गाणं पूर्ण ऐकत नाही. सुरुवात ऐकते. परवा पोळ्या लाटता लाटता फोनमधून मावशी म्हणाली, "पंचम उतरलाय गं," आणि आई फोनकडे न बघता म्हणाली, "नव्हता उतरला. उगाच वाटायचं तुला."

माझ्याकडे स्वर मोजणारं प्लगइन आहे. रात्री लावून बघितलं. तार पिळायच्या आधी पंचम नऊ सेंटने खाली होता, पिळल्यावर जागेवर. नऊ सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

आईला नाही सांगितलं. दादाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर सकाळी आलं, "मग? ती आईच होती."